उत्क्रांती मानली तर माळ उतरवावी लागते का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहेस, घरात पणजोबांपासूनची वारी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. उत्क्रांतीच्या तासाला एक सर म्हणाले, हे पटत असेल तर माळ उतरवा, आणि माळ ठेवायची असेल तर हा विषय घेऊ नका. घरी सांगितलंस तर काका म्हणाले, त्यात एवढं काय, आपले दशावतार म्हणजे उत्क्रांतीच की, साहेबाला उशिरा कळलं. आता सर खरे की काका, हे तुला कळेना. आणि दोन्ही धरून ठेवणारी मी ढोंगी तर नाही, ही शंका पाठ सोडेना.

माझ्या मते दोघंही चुकताहेत, आणि काका जास्त. श्रद्धा आणि उत्क्रांती एकाच माणसात नांदू शकतात, नांदल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पण त्याला किंमत पडते आणि ती बहुतेक वेळा श्रद्धेलाच मोजावी लागते. निसर्गात काय घडलं आणि कसं घडलं, हे सांगण्याचा हक्क तिला सोडावा लागतो. तो सोडल्यावर जे उरतं ते तुला पुरतं का, हे तुझं तूच ठरवायचं. मी स्वतः देव मानत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल तुझ्या लक्षात राहील. आरतीला मात्र उभी राहते, झांजाही वाजवते.

सरांचं काय बरोबर आहे ते आधी बघू. उत्क्रांती झाली की नाही, हा जीवशास्त्रात वादाचा मुद्दा उरलेला नाही. वाद आहेत ते तपशिलांचे: कुठली शाखा कुठून फुटली, वेग किती होता, नैसर्गिक निवडीचा वाटा किती आणि योगायोगाचा किती. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री म्हणाले होते, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहून किंवा सांगून ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. पण 'पाहिलं कुणी?' हा प्रश्न टिंगल करून सोडण्यासारखा नाही. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, आणि विचारावाच.

कुणी पाहिलं नाही, हे खरं. खुणा मात्र राहिल्या आहेत, आणि त्यातल्या काही इतक्या उघड आहेत की लपवायच्या म्हटल्या तरी लपत नाहीत. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. पूर्वज एक असेल तर ती एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं कुठेतरी एकमेकांना जोडली गेली असणार. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र उघडून पाहिलं तर तसंच दिसतं. गुणसूत्राच्या टोकाला डीएनएचा एक ठरावीक तुकडा पुन्हापुन्हा येतो. तो इथे मधोमध, समोरासमोर तोंड करून बसलेला आहे. जिथे एकच गुणसूत्रबिंदू (पेशी विभागताना गुणसूत्राला जिथून ओढलं जातं ती जागा) असायला हवा तिथे दुसऱ्याचे निकामी अवशेषही आहेत. अंदाज आधी बांधला आणि पुरावा नंतर सापडला, हे यातलं महत्त्वाचं.

दुसरी खूण तुझ्या जेवणात आहे. बहुतेक सस्तन प्राणी 'क' जीवनसत्त्व आपल्या यकृतात स्वतः बनवतात. गाईला लिंबू पिळून द्यावं लागत नाही. आपल्याला लागतं, कारण ते बनवणाऱ्या साखळीतल्या शेवटच्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक आपल्यात मोडलेलं आहे. ते नाहीसं झालेलं नाही, मोडक्या अवस्थेत पडून आहे, आणि चिंपांझीतही तेच मोडकं जनुक आहे. गिनीपिगमध्येही ते मोडलेलं आहे, पण वेगळ्या तऱ्हेने, कारण तो अपघात वेगळा झाला. कुणी कारागिराने आपल्याला नव्याने घडवलं असेल तर त्याने हे भंगार आत का ठेवलं, आणि नेमकं चिंपांझीसारखंच का ठेवलं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. कच्छमध्ये सापडलेले चार पायांच्या देवमाशांचे जीवाश्म आणि जम्मूच्या कालाकोट भागातला, हरणासारख्या अंगाचा पण देवमाशासारख्या कानाच्या हाडाचा इंडोह्यस हा लुप्त प्राणी, हे तू अभ्यासक्रमात वाचशीलच, म्हणून इथे लांबवत नाही.

सर चुकतात ते पुढच्या उडीत. उत्क्रांती खरी आहे, एवढ्यावरून देव नाही असं निघत नाही. खुद्द डार्विनला ही उडी मान्य नव्हती. मृत्यूच्या तीनेक वर्षं आधी, १८७९ मध्ये, त्याने एका पत्रात लिहिलं, की माणूस कळकळीचा ईश्वरवादी आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो याबद्दल शंका घेणंच मला विचित्र वाटतं. उदाहरणं म्हणून त्याने दोन नावं दिली: हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे आणि इंग्लंडमधला धर्मोपदेशक चार्ल्स किंग्जली. स्वतःबद्दल म्हणाला, मला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणणं जास्त बरोबर. पुढची यादी तुला माहीत आहे. मेंडेल मठात राहणारा संन्यासी होता. 'उत्क्रांतीच्या उजेडाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही' हे वाक्य आपण प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापतो, ते लिहिणारा डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता, आणि त्याच १९७३ च्या लेखात त्याने स्वतःला निर्मितीवादी आणि उत्क्रांतिवादी दोन्ही म्हटलं आहे. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेत 'बुद्धिमान रचनाकार', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने आखून घडवले, ही कल्पना विज्ञान म्हणून शिकवण्यावरून खटला झाला. त्यात उत्क्रांतीच्या बाजूने पहिला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभा राहिला तो केनेथ मिलर, चर्चला जाणारा कॅथलिक. गुणसूत्र क्रमांक दोनची वर सांगितलेली गोष्ट त्याने न्यायालयात सांगितली होती. निकाल शाळा मंडळाविरुद्ध गेला.

अर्थात नावांची यादी म्हणजे युक्तिवाद नव्हे. माणसं परस्परविरोधी गोष्टी आयुष्यभर सांभाळतात, सिगारेट ओढणारे छातीरोगतज्ज्ञही असतात. यादीने इतकंच ठरतं, की सर म्हणतात तशी सक्ती कुठे नाही.

आता काका. यांच्यावर थोडा जास्त वेळ घालवते, कारण आपल्याकडे खरी अडचण ही आहे. अमेरिकेत काही लोक उत्क्रांती नाकारतात, तिच्याशी भांडतात, कोर्टात जातात. आपण भांडत नाही. आपण 'हे आमच्याकडे आधीच होतं' म्हणतो आणि न वाचताच पुस्तक मिटतो. नाकारणाऱ्याला निदान काय नाकारतोय ते समजून घ्यावं लागतं.

मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका माणूस, मग पूर्ण माणूस. क्रम ऐकायला छान लागतो, म्हणूनच पटतो. पण ही जुळणी जुनी नाही. ती मांडली गेली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, डार्विनचं पुस्तक १८५९ मध्ये आल्यानंतर. थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी १८७७ मध्ये, ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी १८८२ च्या सुमारास. उत्तर माहीत झाल्यावर जुन्या कागदात ते शोधणं हे पुरावा शोधणं नव्हे.

शिवाय कोणता क्रम? भागवताचा पहिला स्कंध उघड आणि तिसरा अध्याय काढ. तिथे बावीस अवतार दिले आहेत. पहिले सनत्कुमार, दुसरा वराह. मग नारद, नर-नारायण, कपिल, दत्तात्रेय असे येत येत नववा पृथू राजा, आणि मग दहावा मत्स्य, अकरावा कूर्म. माशाच्या आधी राजा! भागवतकारांना जीवसृष्टीचा क्रम सांगायचा असता तर त्यांनी असा सांगितला नसता. त्यांना तो सांगायचाच नव्हता, त्यामुळे त्यांचं काही चुकलेलंही नाही. चुकतो तो त्यांच्या तोंडी डार्विन घालणारा.

जीवशास्त्राच्या बाजूनेही बघ. कासव आपला पूर्वज नाही, ती वेगळी शाखा आहे. वराह आपल्या रेषेत नाही. सिंहाचं डोकं आणि माणसाचं धड अशी मधली पायरी काही नसते. वामनापासून कृष्णापर्यंत सगळे एकाच प्रजातीचे. आणि मूळ मुद्दा म्हणजे अवतार म्हणजे वरून खाली येणं. मत्स्याला पिल्लं झाली, त्यांत थोडे फरक होते, काही टिकली काही मेली, आणि हजारो पिढ्यांनी कूर्म झाला, असं कुठलंही पुराण सांगत नाही. प्रत्येक अवतारात तोच एक पूर्ण देव येतो, संकटात आलेल्यासाठी येतो. आमच्या तळकोकणात दशावताराच्या रात्री संकासुर येतो, वेद पळवलेले असतात, विष्णू येऊन त्याला मारतो. त्या गोष्टीचं सगळं बळ 'देव धावून येतो' यात आहे. नृसिंहाला मधली कडी ठरवल्यावर प्रल्हादाचं काय करायचं? काका धर्माची बाजू घेतात असं त्यांना वाटतं, पण माझ्यासारख्या न मानणारीलाही त्यात धर्माचंच जास्त नुकसान दिसतं.

चौऱ्यायशी लक्ष योनींचंही तेच. २०११ मध्ये एका संशोधकगटाने पृथ्वीवरच्या, पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांच्या प्रजाती अंदाजे ८७ लाख असाव्यात, असा अंदाज प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून तो व्हॉट्सॅपवर फिरतो आहे: बघा, ८४ आणि ८७! त्या अंदाजात अधिक-उणे १३ लाखांची सूट आहे, जिवाणू त्यात धरलेलेच नाहीत, आणि इतर संशोधकांचे अंदाज याहून फार वेगळे आहेत. पुराणातली मोजणी जलचर नऊ लाख, स्थावर वीस लाख, कृमी अकरा लाख, पक्षी दहा लाख, पशू तीस लाख आणि माणसं चार लाख, अशी आहे. पक्ष्यांच्या प्रजाती आज साधारण अकरा हजार आहेत, माणसाची एक. बेरीज जुळवायची तर पोटातले आकडेही जुळवावे लागतील, आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

मग परंपरेतलं काहीच विज्ञानाजवळ टिकत नाही का? टिकतं. त्याचं एक उदाहरण आमच्या प्रयोगशाळेतलं आहे आणि तुझ्या घरच्या कीर्तनातलंही आहे.

कुंभारीण तू पाहिली असशीलच. दाराच्या चौकटीवर, भिंतीच्या कोपऱ्यात, कधी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मातीचं घरटं करणारी गांधीलमाशी. अवधूताने यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यात शेवटची हीच. भागवताच्या एकादश स्कंधात हे येतं आणि एकनाथांनी त्यावर मराठीत विस्ताराने लिहिलं. दृष्टांत असा: माशी एका अळीला आणून मातीच्या घरात कोंडते. अळी भयाने तिचंच ध्यान करत राहते, आणि ध्यानाच्या बळाने अळीचीच माशी होते. तसा भक्त देवाचं चिंतन करता करता देवरूप होतो. यालाच भ्रमर-कीटक न्याय म्हणतात, आणि आजही कीर्तनात तो ऐकायला मिळतो.

आम्ही प्रात्यक्षिकाला नुकतंच बंद केलेलं असं घरटं अलगद फोडतो. आत हिरव्या अळ्या असतात, लुळ्या पडलेल्या, पण सुईने स्पर्श केला तर हलतात. वर छताला बारीक धाग्यावर लोंबणारं एक अंडं असतं. माशीने डंख मारून अळ्यांना मारलेलं नाही, फक्त निश्चल केलं आहे, म्हणजे मांस ताजं राहावं. अंड्यातून तिचं पिल्लू निघतं आणि त्या अळ्या जिवंतच खात वाढतं. कोष करतं, आणि काही दिवसांनी मातीतून जी माशी बाहेर येते ती त्या पिल्लाची. अळीची माशी होत नाही. अळी संपलेली असते.

जुन्या माणसांचं निरीक्षण कच्चं नव्हतं. आत अळी गेली, बाहेर माशी आली, मधलं कुणाला दिसत नव्हतं. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. एका कीर्तनकारांना मी घरटं फोडून हे दाखवलं तेव्हा ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, दृष्टांत गेला. सिद्धांताला काय झालं?" तुझ्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या तत्त्वज्ञाच्या लेखात मिळालेलं नाही. चिंतनाने माणूस बदलतो का, हा प्रश्न माशीवर अवलंबून नाही. माशीचं खरं वर्तन काय, हे मात्र घरटं फोडूनच ठरतं, पोथीने नव्हे. ही वाटणी परंपरेला परकी आहे असंही समजू नकोस. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात, अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही. प्रत्यक्षाच्या प्रांतात प्रत्यक्षच चालतं, हे आचार्यांनी लिहून ठेवलंय. काकांना हे वाक्य दाखव, माझ्यापेक्षा त्यांचं ते जास्त ऐकतील.

इथपर्यंत सोपं होतं. कीर्तनकारांनी दृष्टांत सोडला, रोमच्या चर्चनेही काहीसं तसंच केलं: माणसाच्या शरीराच्या उत्पत्तीचा अभ्यास करायला १९५० मध्ये पोप बाराव्या पायसने मुभा दिली, १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिली नसल्याचं मान्य केलं, आत्मा तेवढा आपल्याकडे ठेवला. जैन आणि बौद्धांना सृष्टिकर्ताच नको असल्याने त्यांची या बाबतीत निम्मी भांडणं आधीच मिटलेली आहेत, जरी जैनांचं अनादि विश्व आणि डार्विनचं बदलतं झाड एक नव्हे. पृथ्वीचं वय, माणसाचा पूर्वज, प्रलय, ही सगळी प्रकरणं रूपक म्हणून वाचता येतात.

रूपक म्हणून वाचता येत नाही ते त्या घरट्यातलं दृश्य. मे १८६० मध्ये डार्विनने एसा ग्रेला लिहिलं, की सुरवंटाच्या जिवंत शरीरात राहून त्याला खाणाऱ्या माश्या एखाद्या दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे माझ्या मनाला पटवता येत नाही. माझ्या मते श्रद्धेची खरी परीक्षा इथे आहे, माकडापाशी नाही. नैसर्गिक निवड ही पद्धतच अशी आहे की ती मरणावर चालते. जास्त जन्मतात, बहुतेक मरतात, फरक साचत जातो. हे सगळं कुणाच्या योजनेने चाललंय, असं म्हणायचं तर त्या योजनाकाराला बरंच काही विचारावं लागेल.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या मोठ्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. आईकडून किंवा बापाकडून एकाकडूनच ते आलं तर माणूस सहसा धडधाकट राहतो, आणि फॅल्सिपेरम मलेरियाच्या घातक आजारापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. दोघांकडून आलं तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, हाडं ठणकतात, मूल रडून रडून निपचित पडतं. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी ही शक्यता चारात एक. मलेरियाच्या जंगलात हे जनुक टिकलं ते का, हे उत्क्रांती स्वच्छ सांगते: वाहकांना फायदा होता. एका भावाचं संरक्षण आणि दुसऱ्याच्या वेदना यांचा हिशेब एकाच अक्षरात, आणि तो हिशेब करणारं कुणी नाही.

आपल्याकडे इथे प्रारब्ध पुढे येतं. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, म्हणतात, आणि बोट बहुधा सुनेकडे जातं. याबाबतीत मी नमतं घेत नाही. ते जनुक दोघांकडून आल्याशिवाय आजार होत नाही, आणि लग्नाआधीच्या रक्ततपासणीने जे कळू शकतं त्याला पाप म्हणून झाकणं हे श्रद्धेच्या नावाने केलेलं नुकसान आहे. घटनेचं कारण सांगायला श्रद्धा पुढे आली की अशी माणसं चिरडली जातात. वर म्हटलेली किंमत ती हीच: कारण सांगायचं नाही.

पण कारण न सांगणारी श्रद्धा असते का? मला वाटतं तुझ्या घरातच ती आहे. डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी १८५१ मध्ये गेली, आणि त्यानंतर त्याच्या मनात ख्रिस्ती देवासाठी फारशी जागा उरली नाही, असं त्याचे बरेच चरित्रकार मानतात. तुकोबांच्या घरात १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बायको आणि मुलगा अन्न-अन्न करत गेले. ते विठ्ठलाकडे वळले. एकाच तऱ्हेच्या दुःखातून दोन माणसं दोन वाटांनी गेली, आणि कोण चुकलं हे ठरवायला माझ्याकडे मोजपट्टी नाही. इतकं मात्र दिसतं, की तुकोबांची भक्ती 'जग चांगलं चाललंय, म्हणून देव आहे' या हिशेबावर उभी नव्हती. ते देवाशी भांडतात, त्याला बोल लावतात, त्याने दिवाळं काढलंय म्हणतात. असल्या श्रद्धेला घरट्यातल्या अळीने धक्का बसेल असं मला वाटत नाही. जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या भल्यासाठीच आहे, असं मानणाऱ्या श्रद्धेला मात्र बसेल, आणि बसावा.

काही लोकांनी उत्क्रांतीलाच दिशा देऊन हा पेच सोडवू पाहिला. फ्रान्सचा जेझुइट जीवाश्मशास्त्रज्ञ तेय्यार द शार्दँ आणि आपल्याकडे श्रीअरविंद, दोघांनी उत्क्रांती चैतन्याकडे चढत जाते असं मांडलं. वाचायला भव्य आहे, पण पुरावा तसा नाही. पट्टकृमींसारखे कितीतरी परजीवी उत्क्रांतीत साधे होत गेले आहेत, आतडंसुद्धा टाकून बसले आहेत. चढाची पायरी फक्त आपण आपल्याकडे बघत मोजली तरच दिसते.

एक सवय मात्र मला खटकते, आणि ती तुझ्या पिढीत जास्त दिसते. प्रयोगशाळेत विज्ञान, घरी देव, मध्ये दार बंद. खंडेनवमीला आम्ही सूक्ष्मदर्शकांना हळद-कुंकू लावतो, झेंडू वाहतो. मी ते कधी थांबवलं नाही, उपकरणांची वर्षातून एकदा नीट साफसफाई होते हा फायदाही आहे. पण ही पूजा म्हणजे श्रद्धा आणि विज्ञानाचं नातं नव्हे. ती शेजारशेजारच्या दोन खोल्यांत राहून एकमेकांशी न बोलणं आहे, आणि आपण त्यालाच सहिष्णुता म्हणतो. जे. बी. एस. हाल्डेन हा लोकसंख्या-जनुकशास्त्राचा एक संस्थापक १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. तो म्हणायचा, की मी प्रयोग मांडतो तेव्हा कुठलाही देव, देवदूत किंवा सैतान मध्ये हात घालणार नाही असं धरूनच मांडतो. माझ्या मते प्रयोगशाळेत शिरताना प्रत्येकाने, तूसुद्धा, एवढी अट पाळलीच पाहिजे. त्याने पुढे जाऊन म्हटलं, मग बाहेरच्या जगाबद्दलही तसंच न धरणं हा अप्रामाणिकपणा होईल. तिथे मी त्याच्याबरोबर जाते. तू जावंस असं मी म्हणणार नाही, पण हे वाक्य टाळून पुढे जाऊ नकोस. विचारात घे आणि मग ठरव.

दोन्ही खोल्यांतलं दार उघडं ठेवलेलं माणूस बघायचं असेल तर इरावती कर्वे बघ. मानववंशशास्त्रज्ञ. बर्लिनला माणसांच्या कवट्यांवर डॉक्टरेट, गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर अश्मयुगीन सांगाडे खणून काढले, डेक्कन कॉलेजात आयुष्य घालवलं. सासर तर कर्व्यांचं, र. धों. कर्वे दीर. रूढ अर्थाने भाविक नसलेली ही बाई वारीत चालली आणि तिच्याबद्दल लिहिलं. पंढरीला ज्या मुलखाचे लोक येतात तो महाराष्ट्र, ही व्याख्या तिची. पण त्याच लेखनात तिने हेही नोंदवलं, की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात आणि ते तिला सहन होत नाही. ओढही खरी, डोळेही उघडे. वारी आवडली म्हणून तिने मोजणं सोडलं नाही.

तेव्हा माळ. ती उतरवायला लावणारं उत्क्रांतीत काही नाही. माळ घालून तू मांस-मद्य सोडलंस, एकादशी धरलीस, वारीचा शब्द दिलास, यातलं एकही जीवशास्त्राच्या विरोधात नाही. विरोध येईल तो तेव्हा, जेव्हा संशोधनाचा निष्कर्ष आवडीच्या समजुतीविरुद्ध जाईल आणि तू आकडे बाजूला सारशील. हा मोह माळ न घालणाऱ्यांनाही होतो. आपल्या लाडक्या गृहीतकासाठी नको ते नमुने वगळणारे कट्टर नास्तिक मी पाहिले आहेत.

तुझ्या धाकट्या भावाचं शेवटी विचारलंयस. तो सीबीएसईला दहावीत आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकात तिथे पूर्वी 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता. नव्या आवृत्तीत नुसती आनुवंशिकता उरली. २०२३ मध्ये त्याविरुद्ध अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, पण तिथपर्यंत जीवशास्त्र घेणारेच पोहोचतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. कुणा शेजारच्या मुलाचं जुनं पुस्तक मिळालं तर त्याला तो वाचायला दे. मराठीतून आहे, आजीलाही वाचता येईल.

त्याआधी जेवायला बसलेल्या सगळ्यांना एक करून बघायला सांग. हात टेबलावर उताणा ठेवायचा, अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवायची, मनगट जरा आत वाकवायचं. बऱ्याच जणांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरीसारखी शीर उभी राहील. तो पामॅरिस लाँगस स्नायूचा कंडरा. काहींना तो नसतोच, काहींना एकाच हाताला असतो, आणि ज्यांना नसतो त्यांच्या पकडीत फारसा फरक पडत नाही. शल्यविशारद दुसरीकडे जोडायला कंडरा हवा असला की बिनधास्त हाच काढून घेतात. झाडावर राहणाऱ्या लेमरांमध्ये तो चांगला भक्कम असतो. कुणाला आहे, कुणाला नाही, काका आणि वडील या भावाभावांत सारखं आहे का, हे भावाला वहीत मांडायला लाव. जमलं तर मामांकडच्यांचंही.